पीयूसीची चिठ्ठी आणि थरथरणारं इंजिन

या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो. आज एका चिठ्ठीबद्दल बोलायचं आहे. ती तुमच्या गाडीत डॅशबोर्डच्या कप्प्यात, विम्याच्या कागदाखाली दुमडून पडलेली असते. पीयूसी. पोलिसाने मागितली की आपण काढतो, तो तारीख बघतो, आपण परत ठेवतो. तिच्यावरचे आकडे कोणी वाचत नाही. मीही कित्येक वर्षं वाचले नव्हते.

२०१७ च्या नोव्हेंबरमधली गोष्ट. दिल्लीत धुराचे दिवस होते, सकाळी नोएडातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून समोरची इमारत दिसत नव्हती. माझ्या पलटणीतले एक सीनियर तीन वर्षांपूर्वी गेले होते. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, मूळच्या कोल्हापूरच्या. नोएडात एकट्याच राहायच्या. बँक, दवाखाना, भाजी, सगळीकडे स्वतः गाडी चालवत जायच्या. त्यांचा फोन आला, "भाऊजी, गाडी भंगारात देऊन टाकू का?"

गाडी २००३ सालची, पेट्रोलची, तीन सिलिंडरची. साहेबांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेली. सिग्नलला थांबली की स्टिअरिंग, आरसा, सीट, सगळं थरथरायचं. वेग घेतला की एकदम शहाण्यासारखी चालायची. पीयूसीला नापास झाली होती. एका वर्कशॉपने सांगितलं, इंजिन खोलावं लागेल. खर्च गाडीच्या किमतीएवढा. दुसरीकडे सांगितलं, पुढच्या वर्षी पंधरा वर्षं होणार, कशाला पैसे घालता, देऊन टाका. वहिनींना दोन्ही सल्ले पटत नव्हते. मी म्हटलं, दोन दिवस थांबा. आणि नापास झालेली चिठ्ठी फेकू नका.

आता इथे गाडी उभी करून थोडं मागे जाऊ.

थांबलेल्या गाडीचं इंजिन चालू असतं, त्याला आपण आयडलिंग म्हणतो. आमच्या पलटणीतले ईएमईचे उस्ताद त्याला नुसतं 'स्लो' म्हणायचे. १९८० च्या दशकात मी तरुण अधिकारी म्हणून पलटणीच्या गाड्या सांभाळत होतो. ताफ्यात जबलपूरच्या कारखान्यातल्या जोंगा आणि वन टन होत्या. दोन्हींना निसानचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. उस्ताद सकाळी बॉनेट उघडून स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावायचे. "साहेब, पळणाऱ्या इंजिनात रोग लपतो. स्लोवर ठेवा, मग तो बोलेल." हे हिंदीत म्हणायचे, मी मराठीत सांगतोय.

त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. आयडलिंगला हवा आत येण्याची झडप जवळजवळ बंद असते. आत येणारी हवा थोडी, पेट्रोल थोडं, जळून उरलेल्या वायूचं प्रमाण जास्त. स्फोट जेमतेम होतो. नऊशे आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला तीस स्फोट होतात, तीन सिलिंडरच्या इंजिनात साडेबावीस. त्या तिनातला एक चुकला तर पंधराच उरतात, आणि ते खिंडार हाताला, कंबरेला जाणवतं. रस्त्यावर वेगात असताना चाकं आणि फ्लायव्हील ती उणीव झाकून टाकतात. तीन सिलिंडरचं इंजिन तसंही निरोगी असतानाही थोडं डोलतंच, तो त्याच्या रचनेचा स्वभाव आहे. ज्यांनी आयुष्यभर चार सिलिंडरची अ‍ॅम्बॅसडर चालवली त्यांना १४ डिसेंबर १९८३ ला गुडगावच्या कारखान्यातून मारुती ८०० बाहेर पडली तेव्हा हा डोल नवा होता. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. पुढची तीस वर्षं दिल्लीच्या मेकॅनिकांनी त्या इंजिनावर हात बसवला.

कार्बुरेटरची मोठी अडचण हीच होती. १८९३ मध्ये जर्मनीत विल्हेल्म मायबाखने फवारा उडवणारा कार्बुरेटर बनवला, त्याच वर्षी हंगेरीत बांकी आणि चोंका यांनीही आपला. तत्त्व सोपं: हवा अरुंद नळीतून जोराने गेली की पेट्रोल ओढून घेते. पण आयडलिंगला हवेला जोरच नसतो. म्हणून मुख्य जेटला वळसा घालून एक वेगळी बारीक वाट ठेवावी लागली, तिच्या तोंडाशी एक स्क्रू. तो मिक्चर स्क्रू. आत फिरवला की मिश्रण पातळ, बाहेर काढला की दाट. भारतातल्या दोन-तीन पिढ्यांच्या मेकॅनिकांचं कसब त्या अर्ध्या फेऱ्यात होतं.

लेहला मला हे नीट कळलं. समुद्रसपाटीच्या मानाने तिथे हवेचा दाब जेमतेम दोन तृतीयांश. पठाणकोटला सेट केलेला कार्बुरेटर तिथे गेला की मिश्रण दाट होतं, इंजिन काळा धूर टाकतं आणि स्लोवर लंगडतं. नवा ड्रायव्हर म्हणायचा, गाडी बिघडली. उस्ताद हसायचे. गाडी ठीक होती, हवा बदलली होती. इंजिन उघडण्याआधी बाहेर काय बदललं ते बघ, ही सवय मला तिथे लागली.

आता दिल्ली. ती चिठ्ठी जन्माला आली ती इथल्या हवेमुळे. एम. सी. मेहता यांनी १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात वाहनांच्या धुराविरुद्ध याचिका दाखल केली, आणि ती पुढे दशकानुदशकं चालली. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ११५ वा नियम आला: पेट्रोलच्या चारचाकीच्या धुरात आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. सरकारने गाडीची नाडी बघायला नेमकी तीच जागा निवडली, जिथे उस्ताद कान लावायचे. कारण साधं आहे, पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात उभ्या गाडीचं दुसरं काय मोजणार?

पण त्या चिठ्ठीवर एकच आकडा होता. आणि एका आकड्याला फसवणं सोपं असतं. मिश्रण दाट असेल तर कार्बन मोनॉक्साइड वाढतो. मग चाचणीआधी मिक्चर स्क्रू आत फिरवायचा, मिश्रण पातळ करायचं. तीन टक्क्यांच्या आत बसायचं, चिठ्ठी घ्यायची, कोपऱ्यावरून वळलं की स्क्रू परत बाहेर. हे मी स्वतः डोळ्यांनी पाहिलंय, आणि खरं सांगायचं तर एकदा माझ्याच गाडीवर पाहिलंय. जास्त पातळ केलेल्या मिश्रणात स्फोट चुकतो, गाडी थरथरते, न जळलेलं पेट्रोल तसंच बाहेर जातं. म्हणजे चिठ्ठीवर गाडी पास, आणि हवेत पेट्रोलचा वास. नियमाने त्या काळी नळीत नाक घातलं, पण एकाच नाकपुडीने.

दरम्यान इंजिनाभोवतीचं जग बदलत होतं. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, आणि त्यांच्यासाठी शिसं नसलेलं पेट्रोल. सप्टेंबर १९९८ पासून दिल्लीत शिसंवालं पेट्रोल बंदच झालं. २००० च्या फेब्रुवारीत देशभर. लहान मुलांच्या रक्तासाठी ही मोठी गोष्ट होती, त्यात वाद नाही. पण जुन्या अ‍ॅम्बॅसडर-फियाटवाल्यांची एक वेगळी कटकट सुरू झाली. शिसं त्या जुन्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या बैठकीला वंगणासारखं राखायचं. ते गेल्यावर मऊ ओतीव लोखंडाच्या बैठका झिजायला लागू शकतात, व्हॉल्व्ह खोल बसतो, टॅपेटची फट नाहीशी होते, दाब सुटतो, आणि स्लोवर गाडी हलायला लागते. पुन्हा तेच: रोग इंजिनात दिसतोय, कारण बाहेरच्या बदलात आहे.

मग आला एप्रिल १९९९. न्यायालयाने सांगितलं: राजधानी क्षेत्रात १ जून १९९९ पासून नोंदल्या जाणाऱ्या खासगी गाड्या युरो एक, १ एप्रिल २००० पासून युरो दोन. कंपन्यांना मिळालेली मुदत महिन्यांत मोजावी अशी. युरो दोनच्या कसोटीला मिक्चर स्क्रू उतरणं कठीण होतं. वर्षभरात दिल्लीत विकायच्या लहान गाड्यांतून कार्बुरेटर हद्दपार झाला आणि एमपीएफआय आलं: प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा इंजेक्टर, आणि किती पेट्रोल सोडायचं ते एक छोटा संगणक ठरवणार. हे तंत्र नवं नव्हतं. १९६७ मध्ये बॉशची इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन प्रणाली फोक्सवॅगनच्या अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांवर बसली होती, तीही धुराच्या नियमांमुळेच. धुरातला ऑक्सिजन मोजून मिश्रण जागच्या जागी सुधारणारा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्व्होने कॅलिफोर्नियासाठी बसवला. जे अमेरिकेत हळूहळू झिरपत आलं, ते दिल्लीत एका आदेशाने आलं. इथल्या मेकॅनिकांना वेळच मिळाला नाही. कश्मीरी गेटच्या गल्ल्यांत कार्बुरेटरचे किट टांगलेले असायचे, तिथे हळूहळू सेन्सर टांगले गेले. असली कुठले, नकली कुठले, ते दुकानदाराच्या चेहऱ्यावरून ओळखायचं.

माझ्या मते मेकॅनिकचा कान गेला तो तेव्हा. त्याची चूक नव्हती. त्याच्या हातातला स्क्रू काढून घेतला होता, आणि त्याच्या जागी दिला होता एक पिवळा दिवा. दिवा लागला की स्कॅनर लावा, स्कॅनर म्हणेल तो भाग बदला. दिवा लागला नाही आणि गाडी तरीही हलतेय, तर? मग "इंजिन खोलावं लागेल".

आणि इथे त्या चिठ्ठीने बाजू सावरली. २००४ मध्ये नियम सुधारला. आता दोन आकडे आले: कार्बन मोनॉक्साइड, टक्क्यांत, आणि हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं पेट्रोल, दहा लाखांत किती भाग ते. युरो दोनच्या, म्हणजे आपल्या भारत स्टेज दोनच्या गाड्यांना मर्यादा अर्धा टक्का आणि ७५०. जुन्या कार्बुरेटरच्या गाड्यांना तीन टक्के आणि १५००. त्यामुळे स्क्रू आत फिरवण्याची युक्ती उलटू लागली: मिश्रण जास्त पातळ केलं की पहिला आकडा खाली जातो, पण स्फोट चुकून दुसरा वर चढतो. नियम करणाऱ्यांनी धूर रोखायला दुसरा आकडा घातला. त्यांच्या मनात असो-नसो, त्यांनी प्रत्येक गाडीमालकाच्या हातात निदानाचा कागद दिला. दोन्ही आकडे वर असतील तर पेट्रोल जास्त पडतंय. पहिला खाली आणि दुसरा वर असेल तर पेट्रोल जास्त नाही, ते पेटतच नाहीये: ठिणगी नाही, दाब नाही, किंवा कुठून तरी चोरटी हवा येतेय.

आता वहिनींच्या गाडीकडे परत येऊ. नापास चिठ्ठीवर कार्बन मोनॉक्साइड ०.१४ आणि हायड्रोकार्बन १२६०. पहिला आकडा पास, दुसरा नापास. बॉनेट उघडण्याआधीच अर्धं निदान हातात होतं.

पहिल्यांदा मी इंजिनाला हात लावला नाही, नुसता बघत उभा राहिलो. इंजिन स्थिर आणि फक्त बॉडी हलत असेल तर इंजिनाखालची रबरी माउंटिंग बसलेली असतात. लोक त्यासाठी उगाच प्लग बदलतात. इथे तसं नव्हतं. इंजिनच अडखळत होतं, ठरावीक तालात. तो ताल म्हणजे एकच सिलिंडर.

कोणता? जोंगाच्या जमान्यात आम्ही प्लगची वायर उपसून बघायचो. इंजेक्शनच्या गाडीत तसं करू नका, कॉइल आणि संगणक दोन्हीला इजा होऊ शकते. त्याऐवजी एकेका इंजेक्टरचा सॉकेट काढायचा. पहिला काढला, इंजिन आणखी लंगडलं. दुसरा काढला, तसंच. तिसरा काढला, काहीच फरक नाही. म्हणजे तिसरा आधीच कामावर गैरहजर होता.

तिसऱ्याचा प्लग काढला. टोक पांढरट, कोरडं. दाट मिश्रणाचा प्लग काळा निघतो; पांढरट म्हणजे हवा जास्त. तरी खात्री म्हणून पहिल्याचा प्लग आणि वायर तिसऱ्याला लावली, तिसऱ्याची पहिल्याला. दोष जागचा हलला नाही. मग एका ओळखीच्या मेकॅनिककडून दाबाचा गेज आणला. तिन्ही सिलिंडर जवळजवळ सारखे निघाले. हे मी वहिनींना मुद्दाम बोलावून दाखवलं, कारण 'इंजिन खोला' हा सल्ला तिथे संपला. पिस्टन-रिंग गेलेल्या इंजिनात तीन आकडे असे हातात हात घालून उभे राहत नाहीत.

नंतर व्हॅक्यूम गेज. व्हिडिओत मी तो हातात धरून दाखवला होता, इथे शब्दांत सांगतो. घड्याळासारखी तबकडी, मागे एक रबरी नळी. ती मॅनिफोल्डला जोडायची. निरोगी इंजिन स्लोवर साधारण सतरा ते बावीस इंच पारा दाखवतं, आणि काटा शांत असतो. व्हॉल्व्ह जळलेला असेल तर काटा ठरावीक तालात खाली टिचकी मारतो. वहिनींच्या गाडीत काटा चौदाच्या आसपास तरंगत होता. कुठून तरी हवा आत शिरत होती. आणि म्हणूनच वेगात गाडी सुधारत होती: झडप उघडली की आत ओढणारा जोर कमी होतो आणि खरी हवा इतकी येते की चोरटी हवा तिच्यात हरवून जाते. स्लोवर मात्र थोडी चोरटी हवासुद्धा घरात घुसलेल्या उंटासारखी असते.

भोक शोधायला वहिनींच्या कुंड्यांवर फवारायची पाण्याची बाटली घेतली. लोक यासाठी कार्बुरेटर क्लीनर मारतात. गरम इंजिनावर ते पेट घेणारं आहे, मी मारत नाही. विजेच्या जोडांना सांभाळून, मॅनिफोल्डच्या एकेका सांध्यावर थोडंथोडं पाणी. तिसऱ्या सिलिंडरच्या बाजूला, खालून येणाऱ्या एका बोटभर रबरी नळीपाशी फवारा गेला आणि इंजिनाचा आवाज क्षणभर बदलला. परत फवारला, परत बदलला. नळी वरून धडधाकट दिसत होती. खालच्या अंगाला, जिथे ती मॅनिफोल्डवर चढते, तिथे उन्हातल्या जुन्या चपलेसारखी तडकली होती.

नळी चाळीस रुपयांची. वहिनींनी पावती मागितली, म्हणाल्या साहेब प्रत्येक पावती फाइलला लावायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पीयूसी केली: ०.०९ आणि १४०.

मी हे शौर्यगाथा म्हणून सांगत नाही. माझ्या जागी चांगला मेकॅनिक असता तर दोन दिवसांऐवजी वीस मिनिटं लागली असती. मुद्दा असा की दोन वर्कशॉपनी ती चिठ्ठी पाहिली होती, आणि दोघांनीही फक्त 'फेल' हा शब्द वाचला.

गाडी वाचली तरी राजधानी क्षेत्रात राहू शकली नाही. राष्ट्रीय हरित लवादाने नोव्हेंबर २०१४ मध्ये पंधरा वर्षांपुढच्या गाड्यांवर बंदी घातली होती, एप्रिल २०१५ मध्ये डिझेलसाठी दहा वर्षं केली, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच मर्यादा लागू ठेवली. पुढे १ जुलै २०२५ ला दिल्लीच्या पंपांवर अशा गाड्यांना इंधनच न देण्याचा प्रयोग सुरू झाला आणि काही दिवसांतच थांबवला गेला. माझं मत विचाराल तर वय हा आळशी निकष आहे. नळी तडकलेली सहा वर्षांची गाडी नीट ठेवलेल्या सोळा वर्षांच्या गाडीपेक्षा जास्त पेट्रोल हवेत सोडू शकते, आणि ते सांगणारा कागद सरकारच्याच यंत्रातून छापून निघतो. पण हेही खरं, की तो कागद न वाचता शिक्का मारणारे जोवर आहेत तोवर न्यायालयाने वय धरलं तर त्याला फार दोष देता येत नाही. नोव्हेंबरमध्ये त्या गच्चीवर उभं राहिलेल्या माणसाला तर नाहीच.

पंधरा वर्षं भरायच्या आत आम्ही आरटीओची एनओसी घेतली. गाडी ट्रकवर चढून कोल्हापूरला वहिनींच्या भाच्याकडे गेली. तिकडे फेरनोंदणी, हरित कर, सगळं रीतसर. वहिनी आता नोएडात रिक्षाने फिरतात आणि रिक्षावाल्याच्या इंजिनाला नावं ठेवतात.

गेल्या वर्षी भाच्याचा फोन आला. "काका, गाडी परत स्लोवर हलायला लागली. सगळे म्हणतात पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे." पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, आणि त्याच्या स्वतःच्या शेतातला ऊस कारखान्यात जातो, त्यामुळे तो जरा अपराधी आवाजात विचारत होता. जुन्या रबराला इथेनॉल सोसत नाही ही भीती खोटी नाही. पण मी त्याला पीयूसीच्या चिठ्ठीचा फोटो पाठवायला सांगितला. कार्बन मोनॉक्साइड २.६, हायड्रोकार्बन ६१०. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्याने मिश्रण पातळ होतं, पहिला आकडा वाढायचं कारण नाही. इथे पहिलाच आकडा पाचपट. पेट्रोल जास्त पडत होतं. प्लग काढायला लावला, काळा कुळकुळीत. इंजिन गरम झालंय हे संगणकाला कळत नव्हतं. थंडीतल्या सकाळी द्यावं तसं तो दिवसभर पेट्रोल देत होता. कूलंटचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या सॉकेटमध्ये हिरवा गंज धरला होता. भाच्याने तो साफ केला, आणि संध्याकाळी नव्या चिठ्ठीचा फोटो वहिनींना पाठवला. त्यांनी तो मला पुढे पाठवला, आणि खाली लिहिलं: फाइलला लावते.